विरारची वेस: व्होल्ट, अँपिअर आणि पालघरची वीज

आजचा विषय तसा शाळेतला आहे. व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे हातात असले की ओहम किती आणि वॅट किती, हे कसं काढायचं. दहावीच्या पुस्तकात याला एक पान लागतं. आपण त्याला तासभर देणार आहोत, कारण पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू या पट्ट्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बराचसा या एका गुणाकारावर आणि एका भागाकारावर उभा आहे. लोकल विरारला का थांबायची, तारापूरची वीज कुठे जाते, डोक्यावरून मोठी तार जाऊनही खालच्या पाड्यात दिवा मिणमिणता का, हे सगळे प्रश्न इथल्या माणसांनी राजकारणाचे म्हणून विचारले, आणि ते राजकारणाचे आहेतही. पण त्यांच्या पोटात एक हिशेब आहे. तो न करता भांडलो तर आपण चुकीच्या माणसाशी भांडतो.

आधी शब्दांचं बघू. पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि विद्युतशक्ती असे चार शब्द आहेत. बोईसरच्या एमआयडीसीतला वायरमन व्होल्टेज, करंट, लोड म्हणतो, आणि रोधाला तो बहुधा काहीच म्हणत नाही, कारण रोध त्याला तार गरम झाली की हाताला कळतो. आपण आज दोन्ही भाषा वापरू.

हिशेब असा. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. संपलं. यातून तिसरी एक गोष्ट आपोआप निघते. व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम, हे वॅटच्या गुणाकारात घातलं की वॅट म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम. आजच्या व्याख्यानातला खरा नायक हा 'वर्ग' आहे. करंट दुप्पट झाला तर तारेत वाया जाणारी उष्णता चौपट होते, दसपट झाला तर शंभरपट.

भागाकार ज्याच्या नावावर आहे तो गेऑर्ग सायमन ओहम हा जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर. त्याची अडचण मोठी व्यावहारिक होती. त्या काळच्या व्होल्टाच्या घटांचा दाब स्थिर राहत नसे, प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. मग मोजायचं काय? त्याने घट सोडून दिला आणि तांबं व बिस्मथ यांच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवून वीज काढली. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून दाबही हलत नाही. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसूची किती वळते ते त्याने मोजलं. हे १८२६ सालचं. पुढच्या वर्षी पुस्तक आलं आणि जर्मनीत त्याचं स्वागत थंड झालं. ओहमने कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये सॅलफर्डच्या एका मद्य गाळणाऱ्या घरातला मुलगा, जेम्स ज्यूल, तारेतून वीज गेली की पाणी किती तापतं हे मोजत होता. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने दाखवलं. आपला 'वर्ग' तो हाच. ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एककांची नावं पॅरिसच्या १८८१ च्या परिषदेत पक्की झाली.

आता विरारला येऊ.

मुंबईत विजेची रेल्वे पहिल्यांदा धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला. पश्चिमेकडे बीबीसीआय रेल्वेने ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेवर आणलं आणि १९३६ मध्ये ती तार विरारपर्यंत गेली. तिथे थांबली. हा सगळा कारभार १५०० व्होल्ट डीसीचा होता.

१५०० व्होल्टच का? त्या काळी गाडीचा वेग सांभाळायला डीसी मोटर सगळ्यात सोयीची होती, आणि डीसीचा दाब गाडीत बसून कमीजास्त करायचं सोपं साधन नव्हतं. जो दाब तारेत, तोच जवळजवळ मोटरला. मोटर जितका दाब सुरक्षित झेलेल तितकाच तारेत ठेवायचा. दोन मोटरी एकामागे एक जोडल्या की प्रत्येकीला ७५० मिळतात.

पण गाडी उभी असते तेव्हा एक गंमत होते. समजा मोटरींच्या वेटोळ्यांचा एकूण रोध अर्धा ओहम आहे. हा आकडा हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलाय. १५०० भागिले अर्धा, म्हणजे ३००० अँपिअर. मोटर जळून जाईल. म्हणून सुरुवातीला मोटरीच्या वाटेत मुद्दाम रोध घालत, लोखंडी जाळ्यांसारखे, डब्याखाली बसवलेले. करंट ३०० अँपिअरच्या आत ठेवायचा तर एकूण रोध किती हवा? १५०० भागिले ३००, पाच ओहम. अर्धा मोटरीचा आहे, म्हणून बाहेरून साडेचार घालायचा. आणि या साडेचार ओहमात किती वीज उष्णता होऊन जाते? ३०० चा वर्ग ९०,०००, गुणिले ४.५, म्हणजे चार लाख पाच हजार वॅट. दर स्टेशनात, गाडी सुटताना, काही क्षण. दोन दोन किलोमीटरवर स्टेशन असलेल्या लोकलचा विचार करा.

गाडीने वेग घेतला की हे रोध टप्प्याटप्प्याने काढून टाकतात. मग मोटर का जळत नाही? कारण फिरणारी मोटर स्वतःच उलट दाब तयार करते. समजा तो १३५० व्होल्ट झाला. उरले १५०, भागिले अर्धा ओहम, पुन्हा ३०० अँपिअर. इथे एक बारीक मुद्दा आहे, तो परीक्षेत कुणी विचारत नाही पण कामावर रोज लागतो. बाहेरून मीटर लावून बघितलं तर १५०० व्होल्ट आणि ३०० अँपिअर दिसतील. भागाकार पाच ओहम. पण आता हा पाच ओहम 'रोध' नव्हे. खरा रोध अर्धाच आहे. गुणाकार मात्र खरा आहे: १५०० गुणिले ३००, साडेचार लाख वॅट गाडीने घेतले. त्यातले १३५० गुणिले ३००, चार लाख पाच हजार, चाकं फिरवायला गेले आणि ३०० चा वर्ग गुणिले अर्धा, पंचेचाळीस हजार, उष्णता झाले. बेरीज बरोबर जुळते. म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर हा नियम डीसीत कुठेही लावा, चालतो. व्होल्ट भागिले अँपिअर हा रोध आहे असं म्हणण्याआधी मात्र समोर काय जोडलंय ते विचारावं लागतं.

विरारच्या पुढे काय होतं? १९३६ नंतर कित्येक वर्षं कोळसा आणि मग डिझेल. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. तीच डीसीची तार पुढे का ओढली नाही? पैसा हे एक उत्तर, पण पैसा कशाला लागतो ते बघा. गाडी ३० लाख वॅट ओढते असं धरू. १५०० व्होल्टला करंट किती? २००० अँपिअर. आता उपकेंद्रापासून गाडीपर्यंतची तार आणि परतीचा रूळ मिळून रोध फक्त ०.१ ओहम आहे असं समजा. २००० गुणिले ०.१, म्हणजे २०० व्होल्ट वाटेतच गळाले, गाडीला १३०० च मिळाले. वाया किती? २००० चा वर्ग ४० लाख, गुणिले ०.१, चार लाख वॅट. उपाय दोनच: तांबं जाड करा, नाहीतर उपकेंद्रं जवळजवळ बांधा. चर्चगेट ते विरारसारख्या गर्दीच्या मार्गावर हे परवडतं. दिवसाला मोजक्या गाड्या जाणाऱ्या लांबच्या मार्गावर परवडत नाही.

भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये फ्रान्सचा अनुभव बघून २५,००० व्होल्ट एसी स्वीकारलं. तोच हिशेब पुन्हा करा. ३० लाख भागिले २५,००० म्हणजे १२० अँपिअर. त्याच ०.१ ओहमावर १२ व्होल्ट गळतात, पंचवीस हजारांतले बारा. वाया जातात १२० चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे १,४४० वॅट. चार लाखांच्या ऐवजी चौदाशे चाळीस! एसीच्या तारेत रोधाखेरीज दुसऱ्या प्रकारचा अडथळाही असतो, तो आपण इथे सोडून दिलाय, म्हणून प्रत्यक्षात दाब याहून जास्त उतरतो. तरी फरकाचा मासला कळला असेल. गाडीत ट्रान्सफॉर्मर बसवायचा आणि दाब उतरवून मोटरीला द्यायचा. १९७० च्या दशकात विरारच्या उत्तरेला ही पंचवीस हजारांची तार आली.

आणि अशा रीतीने विरारला एक वेस तयार झाली. दक्षिणेला १५०० डीसी, उत्तरेला २५,००० एसी. दोन्हींच्या मध्ये तारेचा एक मेलेला तुकडा. मुंबई ते अहमदाबाद गाड्यांसाठी दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं चित्तरंजनच्या कारखान्यात बनवली गेली, १९७५ पासून. त्यांचं नाव डब्ल्यूसीएएम-१. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही. विरारच्या मेलेल्या तुकड्याखालून ती वीज बंद ठेवून, नुसत्या वेगाने घरंगळत जात आणि पलीकडे दुसरी वीज घेत.

पण लोकल? डीसीचे जुने रेक पंचवीस हजारांच्या तारेखाली जाऊच शकत नव्हते. पालघर-बोईसरच्या माणसाने चाळीस वर्षं 'आमच्याकडे लोकल का येत नाही' असं विचारलं. त्याला प्रवासीसंख्या, मार्गांची संख्या, मुंबई उपनगराची हद्द अशी उत्तरं मिळत गेली. ती खोटी नव्हती. पण विजेची ही वेस कुणी समजावून सांगितली असती तर मागणी वेगळी झाली असती. 'लोकल द्या' ऐवजी 'दोन्ही विजांवर चालणारे रेक द्या' किंवा 'मुंबईची तार बदला'. या दोन्ही गोष्टी शेवटी झाल्याच. २००० नंतरच्या दशकात दोन्ही विजांवरचे रेक आले. चर्चगेट ते विरारची तार टप्प्याटप्प्याने बदलत ५ फेब्रुवारी २०१२ ला पूर्ण पंचवीस हजारांवर आली. आणि १६ एप्रिल २०१३ ला चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. तारखा शेजारी ठेवून बघा, चौदा महिन्यांचं अंतर आहे. पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला त्याच्याही पुढे, १ ऑगस्ट २०१४ ला. आमच्या मते या भागाच्या इतिहासात फेब्रुवारी २०१२ ची तारीख जिल्हानिर्मितीच्या तारखेइतकी मोठी आहे, फक्त तिची जयंती कुणी करत नाही.

आता तारापूर.

वीज लांब न्यायची असेल तर दाब वाढवा, हा धडा जगाने १८९१ मध्ये घेतला. जर्मनीत लाउफेनच्या धबधब्यापासून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर तीन फेजची तार टाकली आणि जवळजवळ तीन चतुर्थांश वीज पोचली. त्याच्या नऊच वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं ११० व्होल्ट डीसीचं केंद्र सुरू झालं होतं, ते जेमतेम मैलभर वीज पोचवू शकत होतं. आपल्याकडे खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि सह्याद्रीच्या पायथ्याची वीज एक लाख व्होल्टच्या घरातल्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. गिरण्यांचा कोळसा बंगालकडून यायचा, हे लक्षात ठेवा. कोळशापासूनचं हेच अंतर पुढे तारापूरच्याही मुळाशी आहे.

१९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं. दोन्ही राज्यांचे कारखाने वाढत होते आणि कोळशाच्या खाणी दूर. मुंबई आणि दक्षिण गुजरातच्या मधोमध, समुद्रकाठी, थंड करायला हवं तितकं पाणी असलेली जागा म्हणून तारापूर. होमी भाभांच्या काळात, १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला काम मिळालं. भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले. पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी वीज द्यायला २८ ऑक्टोबर १९६९ ला सुरुवात केली आणि जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र.

प्रत्येक संचाची मूळ क्षमता २१० मेगावॅट, म्हणजे २१ कोटी वॅट. वीज बाहेर पडते २२० केव्हीला, दोन लाख वीस हजार व्होल्ट. करंट किती? तीन फेज असल्यामुळे व्होल्टला १.७३२ ने गुणायचं. २,२०,००० गुणिले १.७३२, सुमारे ३ लाख ८१ हजार. २१ कोटीला त्याने भागा: ५५१ अँपिअर. पॉवर फॅक्टर एक धरला आहे, प्रत्यक्षात थोडा जास्त येईल. साडेपाचशे अँपिअर, बस. रेल्वेच्या एका डीसी गाडीच्या करंटपेक्षा कमी करंटमध्ये एका अख्ख्या संचाची वीज निघते.

ही वीज शंभर किलोमीटरवर मुंबईत न्यायची तर तोटा किती? २२० केव्हीच्या लाईनीला आपल्याकडे साधारणपणे 'झेब्रा' नावाची तार वापरतात. तारांच्या जाडीला प्राण्यांची नावं आहेत, ती ब्रिटिश पद्धत. पॅंथर, डॉग, रॅबिट, वीझल असे सगळे. लाईनमन खांबावर चढून 'रॅबिट टाकला' म्हणतो तेव्हा नवख्याला हसू येतं. तर झेब्राचा रोध किलोमीटरला सुमारे ०.०७ ओहम. शंभर किलोमीटरला सात. ५५१ चा वर्ग तीन लाखांच्या थोडा वर, गुणिले सात, गुणिले तीन तारा: सुमारे ६४ लाख वॅट. २१ कोटीतले ६४ लाख, तीन टक्के. ठीक आहे.

आता हीच वीज गावातल्या खांबावरच्या ११ केव्हीने नेतो म्हणू. दाब विसावा हिस्सा, म्हणून करंट वीसपट, अकरा हजार अँपिअर. तोटा वीसचा वर्ग, चारशेपट. ६४ लाख गुणिले ४००, म्हणजे सुमारे २५५ कोटी वॅट. पण केंद्र तर २१ कोटीच बनवतं! उत्तर बाराशे टक्के तोटा आलं की समजायचं, हिशेब आपल्याला सांगतोय की अशी लाईन असूच शकत नाही.

तारापूरच्या पुढच्या दोन भट्ट्या, तिसरी आणि चौथी, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. चौथी आधी सुरू झाली, २००५ मध्ये, तिसरी २००६ मध्ये. त्यांची वीज ४०० केव्हीने निघते. भागाकार केला तर ७७९ अँपिअर. २२० ला ठेवली असती तर १४०० च्या वर गेली असती आणि त्याच तारेतला तोटा तिपटीहून जास्त. म्हणून बोईसरला ४०० केव्हीचं उपकेंद्र आलं आणि पडघ्याच्या दिशेने ते उंच मनोरे गेले.

मधल्या काळात पहिल्या दोन संचांची क्षमता घटवून १६० मेगावॅट केली गेली. त्यांच्या दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या होत्या आणि ती बाजूला काढावी लागली. आता सांगा, संच २१० वरून १६० वर आला तर तारेतला दाब किती उतरला? पुष्कळ जण अंदाजाने दोनशे व्होल्ट, हजार व्होल्ट असं काहीतरी सांगतात. दाब उतरत नाही. दाब ग्रिडने धरून ठेवलेला असतो. करंट उतरतो: १६ कोटी भागिले ३ लाख ८१ हजार, ४२० अँपिअर. केव्हीचा काटा जागच्या जागी, अँपिअरचा खाली.

या भट्ट्यांसाठी माणसं उठली. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं हलवावी लागली आणि पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, इथे एक वाक्य ऐकू येतं: 'जमीन आमची, वीज मुंबईची.' या वाक्याकडे जरा नीट बघू, कारण त्यात अर्धं खरं आहे.

वीज पत्ता बघून जात नाही. गुस्टाव किर्खोफने १८४५ मध्ये जाळ्यात करंट कसा वाटला जातो त्याचे नियम दिले. फाटे फुटतात तिथे कमी अडथळ्याच्या वाटेने जास्त करंट जातो. त्यामुळे तारापूरची वीज प्रत्यक्षात आधी जवळच्याच भारांना पोचते. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीतल्या भट्ट्या, यंत्रमाग, रसायनांचे कारखाने हे तिचे पहिले गिऱ्हाईक. कुठल्या राज्याला किती टक्के, हा वाटप कागदावरचा आहे, पैशांच्या हिशेबाचा. तेव्हा 'वीज मुंबईला पळवतात' हे भौतिकशास्त्रात बसत नाही.

मग पाड्यात दिवा का मिणमिणतो? इथे वाक्याचा खरा अर्धा भाग येतो. मोठी तार डोक्यावरून जाते, पण तिला आकडा टाकता येत नाही. २२० हजारांचे १३२ किंवा ३३ हजार, त्याचे ११ हजार, त्याचे ४१५ आणि २३० करायचे तर प्रत्येक पायरीला उपकेंद्र, ट्रान्सफॉर्मर आणि पुढची तार लागते. भट्टी बांधायला देशाने पैसा उभा केला. शेवटच्या पायरीचा पैसा ज्याच्या दारात दोनच दिवे आणि एक पंखा आहे त्याच्यासाठी कोण उभा करणार? हा निर्णय माणसांचा आहे, ओहमचा नाही.

एक कल्पनेतला पाडा घेऊ. डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, कुठलाही. ट्रान्सफॉर्मर एक किलोमीटर लांब, तार वीझल, बारीक, किलोमीटरला ०.९ ओहम. जाणारी एक आणि परतीची एक, मिळून १.८ ओहम. संध्याकाळी पाड्याने २० अँपिअर ओढले. २० गुणिले १.८, ३६ व्होल्ट तारेतच गेले. घरात १९४. लग्नाचा मांडव पडला, भार ३० अँपिअर झाला. ५४ व्होल्ट गेले, घरात १७६. तारेत वाया गेले ३० चा वर्ग गुणिले १.८, म्हणजे १,६२० वॅट. साठ वॅटचे सत्तावीस दिवे नुसत्या तारेत जळतायत आणि उजेड कुणालाच नाही.

आता तो जुना साठ वॅटचा पिवळा दिवा. २३० व्होल्टला त्याचा करंट ६० भागिले २३०, म्हणजे ०.२६ अँपिअर. रोध २३० भागिले ०.२६, सुमारे ८८२ ओहम. व्होल्ट १६० वर आले तर? रोध तोच धरला तर १६० चा वर्ग भागिले ८८२, २९ वॅट. दाब तीस टक्के उतरला आणि शक्ती निम्म्याहून खाली गेली. हा वर्गच. खरं तर थंड दिव्याचा रोध मल्टिमीटरवर मोजलात तर साठ-सत्तर ओहमच भरेल, कारण टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कितीतरी पटीने वाढतो. म्हणून कमी व्होल्टला तार कमी तापते, रोध थोडा कमी राहतो आणि वॅट २९ हून जरा जास्त येतात. पण उजेड वॅटपेक्षाही वेगाने पडतो, दिवा लालसर होतो. मुलाचं पुस्तक त्या उजेडात वाचता येत नाही. एलईडी दिव्यांनी हे चित्र बदललं, ते कमी व्होल्टलाही बऱ्यापैकी उजेड देतात.

पंपाचं मात्र बदललं नाही. चिकूच्या वाडीतला पाच एचपीचा पंप ४१५ व्होल्टला चालायचा आहे आणि मिळतात ३३०. दिव्यासारखा तो गप्प कमी वीज घेऊन बसत नाही. पाणी तितकंच उचलायचं असेल तर शक्ती तितकीच हवी. व्होल्ट कमी, म्हणून करंट जास्त. ४१५ भागिले ३३०, सव्वापटीच्या किंचित वर. वेटोळ्यातली उष्णता त्याचा वर्ग, जवळजवळ १.६ पट. एका उन्हाळ्यात मोटर जळते आणि शेतकरी रिवाइंडिंगवाल्याकडे जातो. बोईसर आणि डहाणूला मोटर बांधणाऱ्यांची दुकानं आहेत, त्यांचा धंदा ज्यूलने मोजलेल्या त्या वर्गावरच चालतो. त्यात वाडीवाला दोष पंपाच्या कंपनीला देतो, आणि पंपवाला तारेला.

मग पाड्यासाठी मागायचं काय? 'जास्त वीज द्या' असा अर्ज केला तर ट्रान्सफॉर्मर मोठा बसवून मिळेल आणि तार तीच वीझल राहील. व्होल्टेजमध्ये फारसा फरक पडणार नाही. अर्जात लिहायचं ते असं: संध्याकाळी सात वाजता ट्रान्सफॉर्मरजवळ इतके व्होल्ट, शेवटच्या घरात इतके व्होल्ट, लाईनीत इतके अँपिअर. दोन व्होल्टमधला फरक भागिले अँपिअर, हा झाला तारेचा रोध, आणि तो किलोमीटरला किती यायला हवा हे कोष्टकात आहे. त्याहून जास्त आला तर कुठेतरी जोड सैल किंवा गंजलेला आहे, आणि खाऱ्या हवेच्या या किनाऱ्यावर जोड गंजतातच. तेवढाच आला तर तार बारीक आहे किंवा ट्रान्सफॉर्मर लांब आहे, मग ११ हजारांची लाईन पाड्याजवळ आणून तिथे छोटा ट्रान्सफॉर्मर मागायचा. अंतर किलोमीटरवरून दोनशे मीटरवर आलं की १.८ ओहमचे ०.३६ होतात. त्याच मांडवाच्या ३० अँपिअरला ५४ ऐवजी ११ व्होल्ट गळतील, घरात २१९ मिळतील.

हे मोजमाप खांबावर चढून कुणी करू नये. क्लॅम्प मीटर लाईनमनकडे असतो, त्याला सोबत घ्यावं. घरातला व्होल्ट मात्र आयटीआयचा कुठलाही मुलगा किंवा मुलगी प्लगमध्ये मीटर घालून, काळजीपूर्वक, वाचू शकते. आठवडाभर रोज एकाच वेळेला वाचून वहीत तारीख-वार लिहिलेले सात आकडे महावितरणच्या कार्यालयात पुष्कळ काम करतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सफाळ्याहून कुणीतरी विचारलंय की विरारचा तो मेलेला तुकडा अजून आहे का. डीसी आणि एसीच्या मधला आता नाही. पण पंचवीस हजारांच्या लाईनीवरही दोन उपकेंद्रांच्या हद्दीत असे तुकडे ठेवावे लागतात, कारण शेजारच्या दोन उपकेंद्रांना वेगवेगळ्या फेजवरून वीज मिळते आणि त्या एकमेकांना भिडून चालत नाहीत. तेव्हा गाडीत दिवे क्षणभर गेले आणि पंखे मंदावले तर खिडकीतून खांबावरची पाटी बघा. पुढचा प्रश्न वाणगावहून आहे, सोलर पंपाच्या डीसी केबलीबद्दल. पाच एचपीचा पंप, पॅनेल विहिरीपासून दीडशे मीटरवर, केबल किती जाड घ्यावी? पॅनेलचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून पाठवा, पुढच्या वेळी फळ्यावर करून दाखवू.